सह्याद्रीची चूल

दिवस पहिला

मॉरिशसहून विमान उडालं, हातात रसाचा डबा आला, आणि तो संपायच्या आत रियुनियन आलंही. पाऊण तासाचा प्रवास. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. मला समुद्र दिसत होता, त्यांना कडे दिसत होते. "थर बघ," ते म्हणाले. "एकावर एक. हरिश्चंद्रगड पाण्यात उभा केलाय."

इथे यायचं हे त्यांच्याच डोक्यातलं. ३४ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. पाझर तलाव, गावविहिरी, बंधारे, आणि या सगळ्यासाठी फोडायचा तो काळा दगड. निवृत्तीनंतर कधीतरी वाचनात आलं की आपला सह्याद्री ज्या आगीतून निघाला ती विझलेली नाही, हिंदी महासागरातल्या एका फ्रेंच बेटाखाली अजून धगधगते आहे. तेव्हापासून घरात एकच वाक्य : "एकदा चूल बघून येऊ." यंदा मी मॉरिशसचं ठरवलं, नवऱ्याला रजा मिळाली नाही, आणि बाबांनी न विचारताच बॅग भरायला घेतली.

बेट फ्रान्सचंच. चलन युरो, पाट्या फ्रेंच, वाहतूक उजवीकडून. मात्र शेंगेन क्षेत्रात ते मोडत नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा खिशात आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आधी चौकशी करा. गाडी आधीच ठरवली होती : छोटी, पांढरी, गिअरची. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, वर ज्वालामुखीवर जाणार का? मी हो म्हटल्यावर तिने करारातला 'टायर' हा शब्द शोधला, त्याच्याखाली पेनाने दोन रेघा मारल्या आणि गोड हसली. विम्यात टायर धरलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होता.

विमानतळ उत्तरेला, सँ-देनीजवळ. आम्हाला जायचं होतं दक्षिणेला, सँ-पिएरला. वाटेत साडेपाच किलोमीटरचा पूल थेट समुद्रातून जातो. पूर्वीचा रस्ता कड्याच्या पायथ्याशी होता आणि वरून दगड कोसळायचे, म्हणून हा खटाटोप. पुढे पश्चिम किनाऱ्यावरून मोठा रस्ता आणि सँ-लुईच्या आसपास ऊसच ऊस. सप्टेंबर म्हणजे इथला ऐन गळीत हंगाम. बेटावर आता दोनच साखर कारखाने उरलेत आणि त्यातला एक इथला. मळीचा तो वास काचा बंद असूनही आत आला, आणि बाबांनी कोपरगावचं नाव घेतलं. उसाने भरलेले प्रचंड लांबोडके ट्रक पुढे रांगत होते. इथे त्यांना 'काशालो' म्हणतात, म्हणजे स्पर्म व्हेल. एका व्हेलच्या मागे पंचवीस मिनिटं गेली.

मुक्काम एका बाईंच्या घरातल्या खोलीत. बाई साठीच्या, रंगाने आपल्यासारख्या, दारात तुळस आणि कोनाड्यात पणती. ऊस तोडायला तमिळ मुलखातून आणलेल्या मजुरांच्या त्या वंशज, पण तमिळ चार शब्दसुद्धा येत नाही. त्या क्रिओल बोलत होत्या, मी मोबाइलमधलं फ्रेंच वाचून दाखवत होते आणि बाबा मधूनमधून मराठीत मान्यता देत होते. दोन गोष्टी त्यांनी हातवारे करून पुन्हा पुन्हा सांगितल्या. एक, साडेचारच्या पुढे निघू नका, दहाला ढग वर येतात आणि मग काही दिसत नाही. दुसरी, 'फे फ्रे', थंडी असते. बाबांनी हाफ स्वेटर दाखवला. बाईंनी आत जाऊन त्यांच्या मुलाचं जाड जॅकेट आणून दिलं.

दिवस दुसरा

पहाटे साडेचार. गाडीच्या पडद्यावर २० अंश.

सँ-पिएरहून पा द बेलकोंबपर्यंत, म्हणजे रस्ता संपतो तिथपर्यंत, पंचावन्न-साठ किलोमीटर. समुद्रापासून २,३११ मीटर उंच. चढ ल ताँपाँ गावातूनच सुरू होतो, आणि या गावाची एक गंमत आहे. वस्त्यांची नावं किलोमीटरवर पडलेली : चौदावा, सतरावा, तेविसावा. लोक खरंच पत्ता सांगताना "मी तेविसाव्यात राहतो" असं सांगतात. बाबांना हे फार पटलं. कॅनॉलवरच्या चौक्यांना आम्ही असेच नंबर द्यायचो, म्हणाले.

पेट्रोल ल ताँपाँमध्ये किंवा फार तर बूर-म्युरात भरून घ्यायचं, त्याच्यावर पंप नाही. स्वस्त कुठे हे शोधत बसू नका, संपूर्ण बेटावर दर एकच असतो, सरकार ठरवून देतं.

सतराव्याच्या पुढे धुकं सुरू झालं. उजव्या हाताला गिअर, डावीकडे मी, समोर दहा फूट पांढरं, आणि शेजारी बाबा नकाशा उलगडून. मोबाइल असताना नकाशा कशाला, हे मी विचारणं कधीच सोडलंय. प्लेन दे काफ्रवर कुरणं आहेत, कुंपणाला गाई उभ्या होत्या, नाकातून वाफ सोडत. ही जागा एकेकाळी मालकांच्या मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांची लपायची, नावातला 'काफ्र' तिथूनच आला. गाडीचा पडदा ९ अंशांवर.

बूर-म्युरा हे सत्ताविसावं किलोमीटर. इथून ज्वालामुखीचा रस्ता उजवीकडे फुटतो, आणखी बावीस-तेवीस किलोमीटर. वळणावळणांचा, अरुंद, पण डांबर उत्तम. आपल्या घाटात गाडी चालवली असेल तर अवघड काही नाही. समोरून येणारे थांबून वाट देतात आणि हॉर्न कोणी वाजवत नाही, त्याचीच आधी सवय करून घ्यावी लागते. दोन-तीन वळणांनंतर गाडी एकदम धुक्याच्या बाहेर निघाली, बरणीचं झाकण उघडावं तशी. वर चांदण्या, खाली कापूस.

ने द बफ म्हणजे बैलाचं नाक. या ठिकाणी उजाडताना थांबलो. गाडीतून उतरून वीस पावलं टाकली की जमीन संपते. खाली रिव्हिएर दे राँपार नदीची दरी, जवळजवळ हजार मीटर सरळ खाली. तळाला चार-पाच घरांची छपरं, आणि दूर दरीच्या तोंडाशी समुद्राचा तुकडा. उन्हाची पहिली तिरीप समोरच्या कड्यावर आली तशी त्याच्यावरच्या आडव्या रेघा उजळत गेल्या, लाव्ह्याचा एक थर, मध्ये तांबूस पट्टा, पुन्हा थर. बाबा बोलत नव्हते. कोकणकड्यावर पहिल्यांदा नेलं होतं तेव्हा मी नऊ वर्षांची होते, तेव्हाही ते असेच गप्प उभे होते आणि मी भूक लागली म्हणून भुणभुण करत होते. आज माझ्याकडे बोंबो पिमाँची पुडी होती. डाळवड्याचीच जात, कडधान्य वाटून मिरची घालून तळलेली. कालची, गार, तरी झकास. दोघांनी उभ्या उभ्या सहा संपवले.

त्यापुढचा थांबा कोमर्साँचं विवर. रस्त्याला लागूनच कठडा आहे, त्यावरून खाली बघायचं. कोमर्साँ हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ. ब्राझीलमध्ये त्याला एक काटेरी वेल सापडली आणि तिला त्याने आपल्या सागरी मोहिमेच्या प्रमुखाचं, बूगँव्हिलचं, नाव दिलं, तीच आपल्या कंपाउंडवरची बोगनवेल. १७७१ मध्ये तो या ज्वालामुखीवर आला होता. पण बाबांना त्याच्यात रस नव्हता, त्यांना इथलं पर्जन्यमापक हवं होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद नावाचं चक्रीवादळ आलं, आणि याच विवरापाशी ३ दिवसांत ३,९३० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तीन दिवसांतल्या पावसाचा हा जागतिक विक्रम आहे.

"महाबळेश्वरचा निम्म्याच्या वर पावसाळा," बाबा म्हणाले. "तीन दिवसांत." मग त्यांनी चहूकडे बघितलं. "मग ओढा कुठाय?"

खरंच नव्हता. आपल्याकडे एवढ्या पावसाच्या डोंगरावर दर शंभर पावलांना घळ, ओहोळ, मोरी असते. इथे राखाडी झुडपं, काळी जमीन आणि कोरडा रस्ता. पुढचे दोन दिवस हा प्रश्न गाडीत आमच्यासोबत तिसऱ्या माणसासारखा बसून होता.

मग खिंड आली, पा दे साब्ल, आणि खाली प्लेन दे साब्ल. नावाचा अर्थ वाळूचं मैदान, पण वाळू एक कणही नाही, सगळी भाजलेली खडी आहे, ज्वालामुखीने फुंकलेली, तांबडी-करडी, क्षितिजापर्यंत. झाड नाही, गवत नाही. मधून एक फिकट रेघ जाते, तोच रस्ता. त्याची मंगळाशी तुलना सगळेच करतात, मी करणार नाही. मला भट्टीतून नुकतीच काढलेली विटांची भुकटी आठवली, वीटभट्टीच्या मागच्या बाजूला पसरलेली असते ती.

वळणं उतरून मैदानात आलं की डांबर संपतं. पुढचे काही किलोमीटर खड्डे. इथे टायरखालच्या त्या दोन रेघा आठवल्या. फर्स्ट, सेकंड, फर्स्ट. एक खड्डा चुकवायला गेलं की दुसरा तयार. एका ठिकाणी खालून 'खण्ण' आवाज आला, बाबा म्हणाले दगड असेल, मीही म्हटलं दगडच असेल.

सात वाजता पा द बेलकोंबला पोचलो. पार्किंगमध्ये वीसेक गाड्या. पडदा ४ अंश. बाबांनी जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि उतरल्या उतरल्या गाडीभोवती एक चक्कर मारली, ही त्यांची जीपच्या काळातली सवय. मागच्या डाव्या चाकाची टोपी गायब होती.

इथे कठड्याशी गेलं की समोर उघडतं ते आंक्लो फूके. घोड्याच्या नालासारखा प्रचंड खळगा, सुमारे ८ किलोमीटर रुंद, समुद्राच्या बाजूने उघडा, बाकी तिन्ही बाजूंनी उभा कडा. मधोमध पितों द ला फूर्नेझ, म्हणजे भट्टीचं शिखर, २,६३२ मीटर. उंचीने फार रुबाबदार नाही. सावकाश उतरत जाणारी ढाल पालथी घातल्यासारखा आकार. पातळ लाव्हा दूरवर वाहत जातो म्हणून असे डोंगर बसके राहतात. पण जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी हा एक. सरासरी वर्षाला एखादा उद्रेक होतो, आणि बहुतेक सगळे या खळग्याच्या आतच, त्यामुळे बाहेरच्या गावांना सहसा झळ लागत नाही. उद्रेक झाला की इथली माणसं घाबरून पळत नाहीत, उलट रात्री डबे भरून, पोरंबाळं घेऊन बघायला निघतात आणि घाटात मैलभर गाड्या अडकतात, हे बाईंनी काल मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं.

जागेच्या नावात आता 'बेलकोंब-जाकोब' असं दोघांचं नाव लावतात. बेलकोंब हा १७६८ चा गव्हर्नर. जाकोब हा कड्यावरून आत उतरणारा गुलाम. नाव साहेबाचं पडलं आणि जाकोबची आठवण व्हायला दोनशे वर्षांहून जास्त लागली.

खाली उतरायच्या वाटेवर लोखंडी फाटक आहे. हालचाल सुरू झाल्याचा इशारा आला की ते बंद होतं आणि मग कोणालाही आत सोडत नाहीत. निघण्यापूर्वी सरकारी सूचना बघून घ्या, एवढं करून फाटकाला हात लावून परत येण्यात अर्थ नाही. आमच्या नशिबाने उघडं होतं. कड्याला चिकटून पाचशेच्या वर पायऱ्या. बाबांचं वय ७१, उजवा गुडघा कुरकुरणारा. मी म्हटलं, "बाबा, वरूनच बघू या का?" त्यांनी काठी उघडली आणि "अगं, विहिरीत उतरतोय, एव्हरेस्टवर नाही" म्हणून चालू पडले.

खाली लाव्ह्यावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारून वाट दाखवली आहे. ठिपका सोडायचा नाही, कारण धुकं आलं की सगळं सारखं दिसतं. पहिल्या शंभर पावलांतच बाबा खाली बसले. मला वाटलं गुडघा. तर ते दगडावर हात फिरवत होते. दोरखंड पिळून ठेवावेत तशा वळ्या, चकचकीत काळ्या. "दूध तापवताना साय काठाला ढकलली की कशा सुरकुत्या पडतात? तेच. वरचं गार होतं, खालचं वाहत राहतं." असाच दोरखंडी दगड त्यांनी एका धरणाच्या पायात पाहिला होता, साडेसहा कोटी वर्षांचा. हा त्यांच्या जन्माच्या नंतरचाही असू शकेल.

दुसरी जात खडबडीत, तीक्ष्ण ढेकळांची, बूट फाडणारी. तिला इथे 'ग्रातों' म्हणतात. हा शब्द खरं तर डुकराच्या तळलेल्या कुरकुरीत चामडीचा. स्वयंपाकघरातून दगडाला नाव देणारी माणसं मला आवडतात. आपल्या विहीर खोदणाऱ्यांनीही भोकाभोकांच्या दगडाला 'मांजऱ्या' म्हटलंय. बाबांनी तसाच एक तुकडा उचलून डोळ्यापाशी धरला. मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं, सगळी मोकळी. त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं, खोटं नाही सांगत, एक सुईच्या नाकाएवढा निळा ठिपका.

"आपल्याकडे ही भोकं बुजलेली असतात," ते म्हणाले.

घरी शोकेसमध्ये एक पांढरा-गुलाबी स्फटिकांचा गड्डा आहे, पुण्याजवळच्या खाणीतून त्यांनी आणलेला. लहानपणी मला तो शोभेचा वाटायचा. तो झिओलाइट, आणि तो तयार झाला तोच मुळी अशा छिद्रांमध्ये. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकतात, दगड थिजतो, मग लाखो वर्षं गरम पाणी झिरपत राहतं आणि प्रत्येक भोकात खनिज भरत जातं. म्हणून आपला मांजऱ्या दिसायला भोकाभोकांचा आणि पाण्याला बंद. सहा परस खोदा, सुरुंग लावा, कोरडा. पाणी लागलं तर भेगेत लागतं, नाहीतर नाही. "इथे ती सोयच नाही," बाबा म्हणाले. "पडलं की गेलं खाली. ओढा कशाचा होणार?" आणि तो तुकडा होता तिथे, होता तसा ठेवला. राष्ट्रीय उद्यान आहे, इथून काही न्यायचं नाही.

फोर्मिका लेओपर्यंत गेलो. १७५३ मध्ये तयार झालेली छोटीशी तांबडी टेकडी, मधोमध खळगा. मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंगीची वाट बघत बसणारा तो किडा असतो ना, त्याचं लॅटिन नाव. त्या विराट काळ्या पसाऱ्यात ही एवढीशी लाल वाटी इतकी नीटस दिसते की कोणीतरी बसून केल्यासारखी वाटते. काठावर डबा उघडला. लगेच एक तेक-तेक आला. चिमणीएवढा पक्षी, काळं डोकं, छातीवर तांबूस डाग, आणि भीती अजिबात नाही. बाबांच्या बुटापासून वीतभर अंतरावर उभा राहून पावाच्या चुऱ्याकडे बघत राहिला. द्यायचं नसतं, म्हणून बाबा त्याला पूर्ण वेळ "नाही रे, नाही रे" सांगत होते.

शिखराच्या काठापर्यंत जाऊन यायला पाच-सहा तास लागतात. मला जायचं होतं. माथ्यावरचं दोलोम्यू विवर बघायचं होतं. २००७ च्या एप्रिलमध्ये त्याचा तळ ३०० मीटरहून जास्त खचला. लाव्ह्याने खाली समुद्राच्या बाजूला वाट काढली, पोटातला साठा निसटला आणि वरचं छत बसलं. बाबांच्या भाषेत, न बांधलेली विहीर फार उपसली की ढासळते तशी. "तू जाऊन ये, मी या पक्ष्याबरोबर बसतो," ते म्हणाले. मी शिखराकडे बघितलं, त्यांच्या गुडघ्याकडे बघितलं, आणि साडेआठ वाजलेत म्हणून सांगितलं. रुखरुख आहे, ती लिहून ठेवते.

पायऱ्या चढायला पाऊण तास. दर चाळीस पायऱ्यांना थांबून बाबा मला कड्यातला एखादा थर समजावून सांगायचे. त्यांना दम लागलाय हे दोघांनाही माहीत होतं, आणि थर खरेच चांगले होते. वर पोचून मागे वळलो तर समुद्राकडून ढगांचं पहिलं टोक खळग्यात शिरत होतं. पावणेदहा. वीस मिनिटांत फोर्मिका लेओ पुसून गेलं. नुकतेच आलेले एक जोडपे कठड्याला रेलून त्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढत होते.

परतताना मी खड्ड्यांवर लक्ष ठेवलं आणि बाबांनी चाकाच्या टोपीवर. मैदान निम्मं ओलांडल्यावर ते ओरडले, "थांब!" रस्त्याच्या कडेला, तांबड्या खडीत, टोपी उभी रुतून बसली होती. कोणीतरी तिच्याभोवती छोटे दगड रचले होते, पडू नये म्हणून. मालक येईल अशी खात्री असलेला माणूस. बुटाच्या टाचेने दोन दणके दिले, बसली.

उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, गाडी सेकंडला ठेवा. आमच्या पुढच्या गाडीच्या चाकांतून जळका वास येत होता, तो बूर-म्युरापर्यंत आला.

बूर-म्युरात ज्वालामुखीचं संग्रहालय आहे आणि वेधशाळाही. १९७७ मध्ये एक उद्रेक खळग्याबाहेर झाला, पूर्व किनाऱ्यावरच्या पितों सँत-रोझ गावावर लाव्हा आला, आणि त्यानंतर १९७९ मध्ये ही वेधशाळा उभी राहिली. संग्रहालय बरं आहे, मुलं असतील तर जरूर जा. आम्हाला भूक लागली होती. समोरच्या खाणावळीत शाकाहारी म्हटल्यावर बाईंनी क्षणभर विचार केला आणि भात, राजम्यासारख्या दाण्यांची आमटी, शूशू नावाच्या वेलाच्या कोवळ्या पानांची परतलेली भाजी, आणि वर टोमॅटोचा ठेचा आणून ठेवला. ठेच्याला 'रूगाय' म्हणतात. बाजूला 'आशार', म्हणजे आपलं आचार, समुद्र ओलांडून आलेलं. बाबा तीन वेळा भात घेऊन जेवले.

जेवणानंतर त्यांनी कागदी रुमालावर पेनाने चित्र काढलं. चित्र मला पाठ आहे, पण इथे बसून बघायला वेगळं वाटलं. गॅसवर पापड धरायचा आणि हळूहळू सरकवायचा. ज्योत जागेवर, पापड सरकतोय, डागांची रांग पडत जाते. पहिला आणि सगळ्यात मोठा डाग दख्खन, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. मग भारताची भूमी उत्तरेला सरकत गेली आणि मागे डाग उमटत गेले, लक्षद्वीपचा कणा, मालदीव, मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन. बहुतेक भूशास्त्रज्ञ हे असंच मानतात. मुंबई इथून आता जवळजवळ पाच हजार किलोमीटर लांब आहे. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा मान वाकडी करून रुमालाकडे बघत होता. बाबांनी रुमाल त्याच्याकडे सरकवला आणि मराठीत सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याने शेवटी बोट ठेवलं ते बरोबर रियुनियनवर.

दिवस तिसरा

आज पूर्वेकडून, किनाऱ्याने. सँ-फिलिप ओलांडलं की ग्राँ ब्रूले लागतं, 'मोठं जळकं'. खळग्यातून सुटलेला लाव्हा याच उतारावरून समुद्राला जातो आणि जाताना हमरस्ता खातो. मग सरकार थिजलेल्या लाव्ह्यावरून नवा रस्ता करतं. कडेला प्रत्येक ओघाची सालं लिहिलेल्या पाट्या आहेत. २००४ च्या पाटीवर राखाडी दगडफूल आणि नेचे माजलेत. २००७ चा ओघ अजून बराच काळा. रस्ता त्याच्यावरून चढतो आणि उतरतो, एवढा तो जाड आहे. दगडात ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवट मणी चमकतात.

पाऊस पडत होता, चांगला, आपल्या जुलैसारखा. एवढ्या लांबीत एकही पूल लागला नाही. बाबा मोजत होते.

पितों सँत-रोझचं चर्च हे आजचं शेवटचं ठिकाण. १९७७ मध्ये लाव्हा गावात शिरला. लोकांना आधीच हलवलं होतं. घरं गेली, आणि चर्चच्या दारापाशी येऊन ओघ दुभंगला, दोन्ही अंगांनी गेला, आत जेमतेम उंबऱ्यापर्यंत. नाव आता नोत्र-दाम-दे-लाव, लाव्ह्याची माउली. भाविकांना चमत्कार दिसतो. बाबांनी दाराची उंची आणि जमिनीचा उतार बघितला, काही बोलले नाहीत, आणि चपला काढून आत जाऊन हात जोडून आले.

बाहेर चर्चच्या भिंतीला टेकलेला लाव्हा माझ्या खांद्याएवढा उंच आहे. पाऊस थांबला होता. रस्त्याचं डांबर ओलं, चर्चची पायरी ओली, लाव्ह्याचा माथा मात्र भराभर कोरडा होत होता. बाबांनी पिशवीतली बाटली काढली आणि त्या ग्रातोंवर धार धरली, अर्ध्या बाटलीची. कान दगडाला लावला. पाणी कुठूनही बाहेर आलं नाही. खाली कुठेतरी क्षणभर बारीक किणकिणाट झाला आणि तोही थांबला.

"बाबा, ते प्यायचं पाणी आहे."

"हो हो," म्हणाले, आणि झाकण लावलं. मी गाडीकडे वळले. दार उघडून मागे बघितलं तर ते पुन्हा कान लावून उभे होते, आणि बाटली उलटी होती.